रिद्धपुरीचे लीळासंग्राहक : म्हाइंभट

परमेश्वराचे सन्निधान लाभलेल्या जीवास साधन शोधावे लागत नाही. तो देवाच्या मुखाकडे पाहतो, देवाचे शब्द ऐकतो आणि देव सांगेल ती सेवा करतो. असन्निधानी मात्र साधकापुढे मोठाच प्रश्न उभा राहतो. ज्या श्रीमूर्तीच्या दर्शनाने चित्त निवत होते ती दृष्टीआड झाली. आता चित्त कोठे ठेवावे? आपल्या शास्त्राने यावर स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने दिली, आणि या चारींचा प्राण म्हणून स्मरण सांगितले. ते स्मरण नामाचे, लीळेचे, मूर्तीचे आणि चेष्टेचे. परंतु लीळेचे स्मरण करावयाचे तर लीळा ठाऊक असावी लागते. ज्याने ती डोळ्यांनी पाहिली त्याचे काम सोपे; ज्याने पाहिली नाही, त्याने काय करावे ? जो अजून जन्मासही आला नाही, त्याचे काय ? हा प्रश्न तेराव्या शतकात रिद्धपुरी एका पंडिताच्या मनात उठला, आणि त्याचे उत्तर त्याने उर्वरित आयुष्याने दिले. त्या पंडिताचे नाव म्हाइंभट.

सराळ्याचे पंडित

म्हाइंभट हे गंगातीरीच्या सराळे गावचे. गंगा म्हणजे आपली गोदावरी. गणपती आपयो या विद्वानापाशी त्यांचे अध्ययन झाले, आणि शास्त्रविद्येत ते इतके प्रवीण झाले की, सभेत प्रतिपक्षास निरुत्तर करणे हाच त्यांच्या विद्येचा भोग झाला. त्या काळी यादवांच्या राज्यात विद्वत्तेला मान होता. प्रतिष्ठान हे तर पंडितांचे माहेरघर. अशा वातावरणात वाढलेल्या तरुणास विद्येचा अभिमान चढला तर त्यात नवल नाही. शास्त्र हे अविद्या छेदण्याचे शस्त्र असले तरी ते दुसऱ्यावर चालविण्याची सवय लागली की, स्वतःच्या अविद्येकडे पाहण्यास सवड उरत नाही. म्हाइंभटांचे तसेच झाले होते.

त्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे गंगातीरी परिभ्रमण चालले होते. डोमेग्राम, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातले कमालपूर, येथे स्वामींचे अवस्थान असताना म्हाइंभट त्यांच्याकडे आले. ते शरण आले नव्हते. वाद करण्यासाठी आले होते. एक महात्मा लोकांच्या बोलीत ब्रह्मविद्या सांगतो आणि स्त्रिया, शूद्र, शहाणे, भोळे सारेच त्याच्याभोवती जमतात, ही गोष्ट शास्त्रज्ञ ब्राह्मणास परीक्षेची वाटली असल्यास तेही स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

तेथे जे घडले ते सर्व वाचकांस ठाऊक आहे. जो दुसऱ्यास निरुत्तर करीत असे तो स्वतः निरुत्तर झाला. पण वादात हरलेला पंडित बहुधा मत्सर घेऊन घरी जातो. म्हाइंभट बोध घेऊन गेले. पराजय आणि बोध यांतील अंतर फार सूक्ष्म आहे. युक्तिवाद तुटला म्हणजे पराजय होतो. युक्तिवादामागचा अभिमान तुटला म्हणजे बोधास जागा होते. पहिले काम एखादा निष्णात तार्किकही करू शकतो. दुसरे काम परमेश्वराच्या कृपेवाचून होत नाही.

या भेटीविषयी एक गोष्ट विसरता कामा नये. ही लीळा आपणास ज्या ग्रंथातून कळते तो ग्रंथ म्हाइंभटांनीच सिद्ध केलेला आहे. आपल्या पराजयाची कथा त्यांनी गाळली नाही. लेखणी हाती असताना स्वतःची बाजू सावरण्याचा मोह कोणास होत नाही ? तो मोह ज्याने जिंकला, त्याच्या हातून देवाच्या लीळेत पदरचे काही मिसळले जाणार नाही, हा भरवसा तेथेच मिळतो.

रिद्धपुरीचे सन्निधान

शके ११९६ च्या, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे बिजे केले. भक्तजनांवर दुःखाचा डोंगर कोसळला. तथापि स्वामींनी त्यांना निराधार सोडले नव्हते. आपल्या पश्चात श्रीप्रभूंच्या सन्निधानी रिद्धपुरास राहण्याची आज्ञा त्यांनी आधीच दिली होती. त्या आज्ञेनुसार श्रीनागदेवाचार्य, महदाइसा आदी भक्तजन वऱ्हाडात रिद्धपुरी आले. म्हाइंभटही त्या मेळ्यात होते.

रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. श्रीगोविंदप्रभूंचा अवतार जवळच्या काटसुरे गावचा. मातापित्यांचे छत्र लहानपणीच हरपल्यावर मामा आणि मावशी यांनी त्यांना रिद्धपुरी आणून वाढविले. द्वारावतीकार श्रीचांगदेव राउळांपासून श्रीप्रभूंनी शक्तिस्वीकार केला, आणि श्रीप्रभूंपासून श्रीचक्रधरांनी. म्हणून रिद्धपूर हे केवळ एक तीर्थस्थान नव्हे. पंथाच्या दृष्टीने ते मूळपीठ होय.

श्रीप्रभूंची चर्या जगावेगळी होती. ते मुलांबरोबर खेळत, बाजारात हिंडत, मनास येईल त्या घरात शिरत, हवे ते मागून घेत. कधी हसत, कधी रागावत. गावच्या कोणत्याही वाड्याची वा वस्तीची मर्यादा त्यांना नव्हती. उच्च मानलेल्यांच्या घरी ते जसे जात, तसेच मातंगांच्या घरीही जात. रिद्धपूरचे लोक त्यांनाच आई आणि त्यांनाच बाप म्हणत. दुष्काळ पडो, दुखणे येवो, घरात भांडण होवो, गाव त्यांच्याकडे धाव घेई.

शास्त्रांत मुरलेल्या म्हाइंभटांस हे सन्निधान कसे वाटले असेल, याचा विचार करावा. श्रीचक्रधरांनी त्यांना शब्दाने जिंकले होते. श्रीप्रभू शब्दाचा आधारच देत नव्हते. येथे सूत्र सांगितले जात नव्हते, शंकेचे समाधान केले जात नव्हते. येथे होती ती केवळ सेवा. पाणी आणणे, झाडलोट करणे, उपहाराची सिद्धता करणे, देवाची प्रवृत्ती पाहून उभे राहणे किंवा दूर होणे, हाच दिवसाचा क्रम. आचार्यांपासून सर्वांनी हा क्रम स्वीकारला होता. महदाइसेने श्रीप्रभूंच्या आज्ञेवरून धवळे गाइले तेही याच सेवेचे अंग. ज्याची विद्या जिभेवर होती त्यास हातांनी सेवा करण्यास शिकविणारे ते विद्यालय होते. पुढे म्हाइंभटांकडून जे कार्य झाले त्याची पात्रता त्यांना सराळ्याच्या शास्त्राभ्यासापेक्षा या सेवेने अधिक दिली, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण ते कार्य बोलण्याचे नव्हते, ऐकण्याचे होते.

लीळासंग्रह

सेवेच्या मधल्या वेळात आचार्य एकांती बसून सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत. कोणत्या गावी, कोणत्या वेळी, कोणापाशी काय घडले, स्वामी कसे बसले, काय निरूपिले, हे सारे ते मनात आठवीत. म्हाइंभटांनी त्यांना त्या मननाविषयी विचारले आणि आचार्यांनी सांगितले. तेव्हा म्हाइंभटांच्या ध्यानी आले की, हा ठेवा आचार्यांच्या आणि इतर भक्तजनांच्या अंतःकरणात आहे, अन्यत्र कोठेही नाही. देह तर सर्वांचेच जाणार. देहाबरोबर ही आठवणही गेली तर पुढच्यांनी कशाचे स्मरण करावे ? त्यांनी आचार्यांपाशी लीळा लिहून ठेवण्याची अनुज्ञा मागितली, आणि ती मिळाली.

आचार्य काही शास्त्रपांडित्यासाठी प्रसिद्ध नव्हते. म्हाइंभट पंडित. पण येथे पंडिताने प्रश्न करावा आणि आचार्यांनी सांगावे, असा संबंध जुळला. रिद्धपूरच्या परिसरातील वाजेश्वरी या ठिकाणी हा लेखनाचा उद्योग चालला, असे परंपरा सांगते. मराठी गद्यातील पहिला चरित्रग्रंथ ज्या भूमीवर आकारास आला ती ही भूमी.

आचार्य ज्या लीळेस स्वतः उपस्थित होते ती त्यांनी सांगितली. ज्या लीळेस ते नव्हते, तेथे जो उपस्थित होता त्याच्याकडे म्हाइंभट गेले. ऐकीव गोष्टीवर त्यांनी समाधान मानले नाही. यासाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागले. कोणी अनुसरलेला साधक, कोणी घरी राहणारा वासनिक, कोणी वृद्ध बाई. ज्याच्यापाशी लीळा होती त्याच्यापुढे हा पंडित जिज्ञासू होऊन बसला. एके काळी जो ऐकणाऱ्याचे तोंड बंद करीत असे, तो आता प्रत्येकास बोलते करीत होता. स्त्रियांची साक्ष त्यांनी पुरुषांच्या साक्षीइतकीच मोलाची मानली, आणि ते यथायोग्यच होते. कारण स्वामींस अधिकात अधिक प्रश्न विचारून निरूपण करविणारी तर महदाइसाच होती.

संग्रहाची पद्धतीही ध्यानात घेण्यासारखी आहे. गावाचे नाव, देवळाचे नाव, पहाट की दुपार, सोबत कोण, उपहारास काय होते, स्वामींनी कोणती चेष्टा केली, हे बारीक तपशील त्यांनी टाकून दिले नाहीत. शास्त्रीपंडितास हे तपशील क्षुल्लक वाटले असते. स्मरण करणाऱ्यास तेच आधार होतात. ध्यान कोऱ्या तत्त्वावर टिकत नाही. देव अमुक गावी अमुक झाडाखाली बसले होते, एवढे कळले म्हणजे चित्तास बसावयास ठिकाण मिळते. दोन साक्षींत भेद पडला तर म्हाइंभटांनी, आणि त्यांच्या मागून शोध घेणाऱ्यांनी, एकाचे खरे करून दुसऱ्याचे पुसले नाही; अमक्याचे असे म्हणणे, तमक्याचे तसे, अशी नोंद राहू दिली. ज्या लीळेच्या ठिकाणी आपली बुद्धी साक्षी नव्हती, तेथे बुद्धीने निवाडा करू नये, ही केवळ लेखकाची सावधगिरी नव्हे. हा आचार आहे.

या ग्रंथाची भाषा लोकांची बोली आहे. म्हाइंभटांस संस्कृत येत नव्हते असे नाही. परंतु लीळा ज्या भाषेत घडली त्या भाषेतच ती ठेवली पाहिजे, आणि जिच्यासाठी ठेवावयाची ती भोळी बाईही तीतून वगळली जाऊ नये, ही आचार्यांची दृष्टी होती. वाक्ये लहान, अलंकार नाहीत, लेखकाचे स्वतःचे भाष्य नाही. ज्या पंडिताच्या मुखी प्रमाणे आणि अनुमाने खेळत होती, त्याच्या ग्रंथात त्यांचा प्रवेशही नाही. अभिमान गेल्याची याहून मोठी खूण कोणती ?

पुढे इ. स. १२८५ ते १२८८ च्या दरम्यान श्रीप्रभूंनीही देह ठेवला. भक्तजनांवर दुसरे असन्निधान ओढवले. म्हाइंभटांनी श्रीप्रभूंच्या लीळाही तशाच शोधून संग्रहित केल्या. तोच श्रीगोविंदप्रभूचरित्र हा ग्रंथ. त्यात रिद्धपूरचे सारे गाव जसेच्या तसे उभे राहते.

लीळाचरित्राच्या आधारावरच पुढचे शास्त्र उभे राहिले. केशिराजबासांनी त्यातील सर्वज्ञांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला, आणि दृष्टांत निवडून ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ रचला. सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाप्रती, कशासाठी निरूपिले हे कळल्यावाचून त्याचा अर्थ निश्चित होत नाही. म्हणूनच आपल्याकडे प्रकरणवश अभ्यासले जाते. सूत्र हे फळ मानले तर लीळा ही त्याची फांदी आहे. फांदी न राखता फळ राखता येत नाही. म्हाइंभटांनी फांदी राखली, म्हणून भाष्यकारांस फळ हाती लागले.

ग्रंथ गेला, लीळा राहिली

मनुष्याने इतक्या कष्टाने राखलेली वस्तूही नाशिवंतच असते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली. १३०७ मध्ये मलिक काफूर आला, आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य लयास गेले. त्या धामधुमीत साधुजन पोथ्या घेऊन आडरानांनी फिरत असता लीळाचरित्राची मूळ प्रत लुटली गेली. ज्यासाठी म्हाइंभटांनी गाव अन् गाव पायांखाली घातले, तो ग्रंथ एका दिवसात नाहीसा झाला.

आता काय करावे, असा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पण या वेळी त्याचे उत्तर तयार होते. लीळाचरित्र हे पेटीत ठेवण्यासाठी लिहिलेच नव्हते. ते स्मरणासाठी होते, आणि ज्यांनी त्याचे स्मरण केले होते त्यांच्या मुखी ते जिवंत होते. हिराइसा या साध्वीची धारणा असाधारण होती. तिच्या आणि इतर साधकांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्यात आला. निरनिराळ्या साधकांचे पाठ निरनिराळे होते. पिढीपाठासारख्या परंपरा निर्माण झाल्या, आणि प्रत्येकाने आपल्या पाठाबरोबर दुसऱ्याचा शोधही नोंदून ठेवला. म्हाइंभटांची रीत अशा प्रकारे त्यांच्या मागेही चालू राहिली. माणसांच्या आठवणीतून लेखनात आलेली लीळा लेखन नष्ट झाल्यावर पुन्हा माणसांच्या आठवणीतून लेखनात आली.

यात साधकास विचार करण्यासारखे बरेच आहे. पोथी घरात असणे आणि लीळा अंतःकरणात असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली लुटली जाऊ शकते. हिराइसेपाशी जे होते ते लुटणाऱ्यास दिसलेही नसते. पण म्हाइंभटांनी लिहिलेच नसते, तर हिराइसेने काय पाठ केले असते ? म्हणून लेखन व्यर्थ, स्मरण तेवढे खरे, असाही निष्कर्ष काढू नये. एकाने दुसऱ्यास राखले.

त्यानंतर शतकानुशतके हे ग्रंथ सकळ आदी सांकेतिक लिप्यांत जपले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीची उकल प्रसिद्ध केली, आणि १९३६ पासून हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तेव्हा मराठी गद्याचा आरंभ किती मागे जातो, हे महाराष्ट्रास उमगले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन करण्याचे ठरले तेव्हा त्यासाठी रिद्धपूरचीच निवड झाली. म्हाइंभटांनी मराठीचा गौरव करावा म्हणून लेखणी धरली नव्हती. त्यांनी देवाची लीळा राखली, आणि भाषेचा गौरव त्यामागून आपोआप आला.

रिद्धपुरी जाणाऱ्याने

रिद्धपूर हे आजही ओसाड अवशेषांचे गाव नाही. राजमठ, जेथे श्रीप्रभूंचे वास्तव्य होते, तेथे नित्य पूजा, पाठ आणि स्मरण चालते. निरनिराळ्या आश्रमांत भिक्षू राहतात, ब्रह्मविद्येचे अध्ययन होते, आणि दूरदूरचे वासनिक दर्शनास येतात. चौदाव्या शतकातील मुनिव्यासांची स्थानपोथी हाती धरून आजही एकेका स्थानास दंडवत घालता येतो.

परंतु स्थानवंदनास जाणाऱ्याने एक गोष्ट मनाशी धरावी. ओट्यावर मस्तक टेकताना तेथे कोणती लीळा घडली, हे ज्यास ठाऊक नाही, त्याचा दंडवत दगडापाशी थांबण्याचे भय असते. ज्यास लीळा ठाऊक आहे, त्याच्यासाठी तो ओटा बोलू लागतो. ते बोलणे आपल्या कानापर्यंत पोहोचावे म्हणून एक पंडित आपली विद्या बाजूस ठेवून दारोदार हिंडला. त्याने स्वतःविषयी फार थोडे लिहिले, आणि जे लिहिले त्यात आपला पराजय लिहिला.

राजमठाचे दर्शन घेऊन वाजेश्वरीकडे जावे, आणि तेथे क्षणभर बसून आपल्या गावातील, आपल्या घरातील एखाद्या वृद्ध साधकाची आठवण करावी. त्याच्यापाशी गुरूंनी सांगितलेले काही असेल, एखाद्या स्थानाची परंपरा असेल, आजीच्या तोंडचा एखादा पाठ असेल. ते कोणी विचारले आहे काय ? म्हाइंभटांनी विचारले, म्हणून सर्वज्ञांचे आणि श्रीप्रभूंचे चरित्र आपणापर्यंत आले. परतल्यावर त्या वृद्धापाशी जाऊन बसावे, विचारावे, आणि तो सांगेल ते आपले काही न मिसळता उतरून घ्यावे. लीळासंग्राहकाच्या स्मरणास याहून योग्य असा दंडवत नाही.